अर्जात न बसलेला शब्द

मिरगाचा पाऊस पडून बारा-तेरा दिवस झाले असतील. सकाळी शटर वर केलं तर काकाजी आधीच पायरीवर बसलेले. हातात एक पांढरी प्लास्टिकची थैली. तिच्यावर ना नाव, ना किंमत, ना तारीख. तळाशी सरकीचे सात-आठ दाणे उरले होते, रंग चढवलेले.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, वर्धा नदीच्या अलीकडचं, काळ्या मातीचं आणि कोरडवाहू कापसाचं. इथं मी ऑनलाइन अर्ज भरण्याचं सेवा केंद्र चालवतो. म्हातारी माणसं त्याला ‘सेतू’ म्हणतात, पोरं नुसतं ‘ऑनलाइन’ म्हणतात. दिवसभर माझं काम एकच. लोक बोलतात ते ऐकायचं आणि सरकारी रकान्यात बसेल असं करून टाइप करायचं. त्या दिवशी मी फक्त ऐकलं आणि टाइप केलं, आणि म्हणून हे प्रकरण घडलं.

“बाबू, अर्ज लिवून दे,” काकाजी म्हणाले. “चोर बीटी निंगाली नाई. अडीच एकरात एक तास धड नाई.”

मी टाइप केलं: ‘मी माझ्या शेतात चोर बीटी या वाणाची लागवड केली असता सदर बियाणे उगवले नाही. तरी पंचनामा करून नुकसानभरपाई मिळावी, ही विनंती.’ प्रिंट काढली, त्यांनी सही केली, बंडीच्या आत हात घालून वीस रुपये काढून दिले आणि ते साडेदहाच्या एसटीनं तालुक्याला गेले.

दुपारी तीनला परत आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. अर्जाची घडी माझ्या टेबलावर ठेवली. कार्यालयात टेबलामागच्या माणसानं तो अर्ज मोठ्यानं वाचला होता. आजूबाजूचे हसले होते. मग त्यानं विचारलं होतं, “काका, चोरीचं लावलं असं तुम्हीच लिहून देता. आता गुन्हा कोणावर नोंदवायचा?”

काकाजींचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. “साठ वर्सात कोनाच्या वावरातलं एक कनीस नाई तोडलं म्या. अन तू माह्या सहीच्या वर चोर लिवलं.”

मी म्हटलं, “काकाजी, शब्द तुमचाच होता.”

“म्या बोललो ते येगळं. तू लिवलं ते येगळं.”

हे वाक्य मी त्या रात्री वहीत उतरवलं आणि तेव्हापासून ती वही चालू आहे. लोक काय म्हणतात ते एका बाजूला, अर्जात काय लिहावं लागतं ते दुसऱ्या बाजूला. आज हजारेक नोंदी असतील. पण या पहिल्या नोंदीचा उलगडा व्हायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

चोरखिसा

‘चोर बीटी’ हा शब्द ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बीटी कापसाला आपल्या देशात मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांचं सुधारित वाण आलं. ही दोन्ही बोंडअळीला तोंड देण्यासाठी होती. तणनाशक थेट पिकावर फवारलं तरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, मरत नाही, फक्त तण मरतं, असं तिसरं वाण त्यानंतर बाजारात फिरू लागलं. कागदावर त्याचं नाव एचटीबीटी. जनुकीय पिकांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या समितीनं त्याला लागवडीची परवानगी दिलेली नाही. त्यामुळे ते कृषी केंद्राच्या फळीवर नसतं, बिलावर नसतं, सातबाऱ्यावरच्या पीकनोंदीत तर त्याचं वेगळं नावच नसतं. कोणी म्हणे गुजरातेतून येतं, कोणी म्हणे तेलंगणातून. मे महिन्यात मोटरसायकलवर येतं आणि रोख पैशात घरपोच मिळतं.

त्याला ‘चोर’ कोणी म्हटलं पहिल्यांदा? कोणा एकाचं नाव सांगता येण्यासारखा हा शब्द नाही. निंदणाच्या बाया, कृषी केंद्रावरचे हमाल, पानठेल्यावरचे कास्तकार, सगळ्यांच्या तोंडी तो एकाच वेळी दिसतो. विक्रेते त्याला बीजी थ्री म्हणतात, कोणी आरआर म्हणतं. ती नावं विकणाऱ्याची आहेत. ‘चोर’ हे नाव लावणाऱ्यांनी दिलेलं आहे.

कार्यालयातल्या माणसानं ‘चोर बीटी’चा अर्थ ‘चोरीची बीटी’ असा घेतला. कोणीही शब्दकोश उघडून घेईल तसाच. मला त्यातली चूक कळली ती काकाजींनी सकाळी दिलेल्या वीस रुपयांमुळे. ते त्यांनी वरच्या खिशातून काढले नव्हते. बंडीच्या आतल्या बाजूला शिवलेल्या चोरखिशातून काढले होते. चोरखिशात चोरीचे पैसे ठेवत नाहीत. घामाचे ठेवतात, जपून ठेवायचे ते. चोरवाट ही चोरांची वाट नसते, माहीत असलेल्यांची असते. जुन्या वाड्यातला चोरदरवाजा घरच्याच माणसांसाठी असतो. मराठीत ‘चोर’ हा शब्द दुसऱ्या शब्दाच्या पुढे जोडून बसला की बहुतेक वेळा त्यातला गुन्हा गळून पडतो आणि ‘लपलेला’ एवढाच अर्थ शिल्लक राहतो.

‘चोर बीटी’ त्याच साच्यात ओतलेला शब्द आहे. ज्यांनी तो घडवला त्यांना व्याकरण शिकवावं लागलं नाही, साचा त्यांच्या जिभेवर आधीपासून होता. उघड्यावर न दिसणारी बीटी, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. काकाजी ‘चोर’ म्हणाले तेव्हा ते चोरखिशातला चोर म्हणाले. मी लिहिला तेव्हा तो ठाण्यातला झाला. बोलताना शब्दाभोवती आवाज असतो, ओळख असते, सगळं गाव असतं. कागदावर तो एकटाच उभा राहतो.

जर्मनीतून वावरात

‘चोर’च्या नादात ‘बीटी’कडे दुर्लक्ष व्हायला नको, कारण त्याचा प्रवास त्याहून लांबचा आहे. 1911 मध्ये एर्न्स्ट बेर्लिनर या जर्मन शास्त्रज्ञाला पिठातल्या पतंगाच्या अळीत एक जिवाणू सापडला. ते पीठ थुरिंगिया प्रांतातलं होतं, म्हणून जिवाणूचं नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जपानमध्ये इशिवाता यांनी रेशीमकिड्यात तो दहा वर्षं आधी, 1901 मध्येच पाहिला होता, पण नाव टिकलं ते जर्मन प्रांताचं. याच जिवाणूचं जनुक पुढं कापसात घातलं गेलं, आणि त्या नावाची दोन आद्याक्षरं म्हणजे बीटी. थुरिंगिया कुठं आहे हे आमच्या गावात कोणालाच माहीत नसेल, पण त्याचं आद्याक्षर दर जूनमध्ये शंभर जणांच्या तोंडी असतं.

आणि तोंडी आल्यावर त्यानं अर्थ बदलला. आता ‘बीटी’ म्हणजे जिवाणू नाही, जनुक नाही, एखादं वाणही नाही. बीटी म्हणजे कापूस. “यंदा किती बीटी?” असं विचारलं की “आठ बॅगा” असं उत्तर येतं. एकरही कोणी सांगत नाही. जुनी माणसं अजून एलआरए, नांदेड 44, एच चार अशी वाणांची नावं घेतात, कारण त्यांच्या काळात निवडायला वाणं होती आणि ती ओळखावी लागत. आता बहुतेक सगळं वावर बीटीचं आहे, म्हणून वेगळं सांगण्याची गरज राहिली नाही आणि खास शब्द साधा झाला. खास शब्द साधा झाला की नव्या खास वस्तूसाठी पुन्हा नवीन शब्द लागतो. ‘चोर’ तिथं येऊन बसला.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. माझ्या आजीच्या तोंडी ‘हायब्रेट’ हा शब्द होता आणि लहानपणी मला वाटायचं की हायब्रेट म्हणजे ज्वारीच. तिच्या बोलण्यात तसंच होतं. “आज हायब्रेटची भाकर हाये.” 1964 मध्ये सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली. त्या काळात मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्याच यवतमाळ जिल्ह्याचे, आणि संकरित बियाण्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. धान्याची टंचाई होती आणि या ज्वारीनं पोटं भरली, हे आजी कधी विसरली नाही. पण भाकर थापताना ती म्हणायची, “पीठ हाये, चव नाई.” गावरानी ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या हाताला ते पीठ परकं वाटायचं, चिकटपणा कमी, भाकर कडेला फुटायची.

त्या एका तक्रारीतून पुढचा अर्थ निघाला. भरपूर पण बेचव, म्हणून हायब्रेट. मग दिसायला मोठं पण आतून कमकुवत असं काहीही हायब्रेट. मग पोरं. “हायब्रेट पोट्टे हायेत आताचे, एक कट्टा उचलत नाई,” हे मी पारावर इतक्या वेळा ऐकलंय की तो शिव्यांमधलाच एक शब्द वाटतो. दुसऱ्या टोकाला ‘गावरानी’ हा शब्द वर चढला. आधी त्याचा अर्थ गावचं, साधं एवढाच होता. आता गावरानी अंडं, गावरानी कोंबडी, गावरानी आंबा म्हणजे अस्सल आणि महाग. एक शब्द खाली गेला की त्याचा जोडीदार वर जातो. तागडी तशीच चालते.

‘चोर’ मात्र ‘हायब्रेट’च्या उलट दिशेनं गेला, आणि काकाजींचं नुकसान तिथंच झालं.

चोर आणि बोगस

निंदणाच्या दिवसांत बाया मिळत नाहीत. सोयाबीन आणि कापूस एकाच वेळी तणात सापडतात, पाऊस आठ-आठ दिवस वाफसा होऊ देत नाही, तण काढायचा डवरा चालत नाही, आणि मजुरीचा दर रोज बदलतो. अशा वेळी एका फवाऱ्यात तण झोपवणारं बियाणं ज्याच्या वावरात होतं त्याचा शेजारी बांधावर उभा राहून बघायचा. दोन-तीन हंगामांत ‘चोर’ या शब्दातला लपलेपणा विरत गेला आणि त्याजागी ‘जोरदार’ हा अर्थ येऊन बसला. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथं शेतकरी संघटनेच्या पुढाकारानं एचटीबीटीची लागवड जाहीरपणे झाली. त्यानंतर तर लपलेलं काही उरलंच नाही. कौतुकाचा शब्द झाला तो. “चोर हाये का?” या प्रश्नाचा सूर “चांगलं हाये का?” असा झाला.

शब्दाची अशी पत वाढली की तिच्यावर कर्ज काढणारेही येतात. काकाजींना पांढरी थैली देणाऱ्यानं वाणाचं नाव सांगितलंच नव्हतं. “चोर हाये” एवढं म्हणाला, आणि काकाजींनी दुसरं काही विचारलं नाही. त्यांच्या लेखी सगळी खात्री त्या दोन अक्षरांत आली होती. थैलीत नेमकं काय होतं ते कोणालाच माहीत नाही. जुनी सरकी असेल, जिनिंगमधून उचललेली असेल, रंगवून दिली असेल. पाऊस चांगला झाला, ओल चांगली होती, टोबताना सोबत दोन माणसं होती. बियाणंच मेलेलं होतं.

गावात याच्यासाठी दुसरा शब्द तयार आहे: बोगस. आमच्या बोलण्यात चोर आणि बोगस हे एकमेकांच्या विरुद्ध शब्द आहेत. चोर म्हणजे बिल नाही पण निघतं. बोगस म्हणजे बिल असो-नसो, निघत नाही. बिल असलेलं बोगसही असतं, आणि ज्यांनी ते भोगलंय ते बिलाचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतात. पण वर्तमानपत्रात आणि छाप्यांच्या बातम्यांत ‘बोगस बियाणे जप्त’ असं येतं तेव्हा त्यात विनापरवाना एचटीबीटीही असतं आणि न उगवणारं भेसळीचं बियाणंही असतं. दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात. कास्तकाराच्या दृष्टीनं एक फसवणूक आहे आणि दुसरं त्यानं जाणून पत्करलेलं आहे. कायद्याच्या दृष्टीनं दोन्ही अवैध. दोघांना आपापला शब्द बरोबर वाटतो आणि पंचनाम्याच्या वेळी दोघं एकमेकांशी बोलतच नसतात.

काकाजींची खरी तक्रार एका ओळीत अशी होती: चोर म्हणून दिलं ते बोगस निघालं. गावात ही ओळ कोणालाही कळते. कार्यालयात हिचा पहिला अर्धा भाग ऐकून लोक हसले आणि दुसरा अर्धा कोणी ऐकला नाही.

मी तो ऐकायला हवा होता. माझं कामच ते आहे.

माही बोंडअयी आली काय

या प्रकरणानंतर मी माझ्याच काउंटरवरचं बोलणं वेगळ्या कानानं ऐकू लागलो, आणि आपण किती नवे शब्द रोज वापरतो हे दिसायला लागलं. सगळ्यात जास्त दिसले ते पैशाचे.

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला. पुढच्या वर्षी सरकारची मदत आली, कोरडवाहूला हेक्टरी 6,800 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ती खात्यात पडू लागली तेव्हा एक म्हातारी बाई पासबुक घेऊन आली होती आणि म्हणाली, “बाबू, पाह्य बरं, माही बोंडअयी आली काय.” मागे उभ्या असलेल्या दुसरीनं सांगितलं, “माही तर मंगळवारीच आली.” दोघींच्या चेहऱ्यावर समाधान होतं. जी अळी येऊ नये म्हणून वर्षभर फवारण्या केल्या, तिच्या येण्याची आता वाट बघणं चाललं होतं. गारपिटीचं तसंच. “गारपीट जमा झाली.” दुष्काळाचं तसंच. संकटाचं नाव पैशाला लागतं, कारण लोकांच्या दृष्टीनं तो पैसा त्याच संकटाचा शेवटचा तुकडा असतो. सरकारी कागदावर त्याला अनुदान म्हणतात. अनुदानात दान आहे. बोंडअळी म्हटलं की काय गमावलं त्याची नोंद शब्दातच राहते. मला लोकांचा शब्द जास्त खरा वाटतो.

‘निराधार’ हा शब्दही असाच. संजय गांधी निराधार योजनेमुळे तो आता अवस्थेचा शब्द राहिला नाही, रकमेचा झाला. “तिचं निराधार बंद पडलं” याचा अर्थ तिचा आधार तुटला असा आहे, म्हणजे मूळ अर्थाच्या नेमका उलट. आणि घरकुल. लहान पोरी अंगणात मातीचं करायच्या ते घरकुल. आता घरकुल म्हणजे यादीत नाव असलेलं, हप्त्या-हप्त्यानं मिळणारं सरकारी घर. “घरकुल आलं” म्हणतात, बांधलं असं आधी म्हणत नाहीत. पीएम किसानचे हप्ते 2019 पासून दोन-दोन हजारांचे येतात, म्हणून त्याचं नाव ‘दोन हजार’. राज्याच्या नमो योजनेचेही दोन हजारच यायला लागले तेव्हा नाव अपुरं पडलं आणि लोकांनी आठवड्याभरात तोडगा काढला: दिल्लीचे दोन हजार, मुंबईचे दोन हजार.

सरकारनं घडवलेले शब्द लोक घेतच नाहीत असं कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. भ्रमणध्वनी कोणी घेतला नाही, कारण वस्तू हातात पडली तेव्हा तिचं नाव तिच्यासोबतच आलं होतं, मोबाईल. पण ‘अनुशेष’ घ्या. हाही कागदावरचाच संस्कृत वळणाचा शब्द. 1983 मध्ये दांडेकर समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला, सिंचनाचा, रस्त्यांचा, विजेचा अनुशेष मोजला गेला, आणि हा शब्द विदर्भातल्या पारावर कायमचा राहिला. आमच्या गावात चौथी शिकलेला माणूसही अनुशेष बरोबर वापरतो. कारण ज्याला नाव हवं होतं ती गोष्ट इथं समोर होती, कोरड्या पाटाच्या रूपानं. आणि सातबारा तर कोणी घडवलाच नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन फॉर्मचे आकडे एकमेकांना चिकटले आणि मराठीतला सगळ्यात वजनदार शब्द तयार झाला.

वहीत एक नोंद मी लाल शाईनं केली आहे. औषध. आमच्याकडे कीटकनाशकाला विष कोणी म्हणत नाही. औषध आणलं, औषध मारलं, औषधाचा पंप. पिकाला रोग झाला म्हणून औषध, इतका सरळ विचार त्यामागं आहे, आणि विकणारे-सांगणारेही तोच शब्द वापरतात. 2017 मध्येच, त्या बोंडअळीच्या हंगामात, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं पुष्कळ होती: डोक्याच्या वर गेलेली दाट पऱ्हाटी, एकात एक मिसळलेली रसायनं, चार्जिंगचे जोरदार पंप, तोंडाला बांधायला दुपट्ट्यापलीकडे काही नाही. शब्दावर सगळा दोष टाकणं चुकीचं होईल. पण त्या वर्षी अंगावर भिजलेला शर्ट तसाच ठेवून जेवायला बसलेल्या एका पोराला मी टोकलं तेव्हा तो म्हणाला, “औषधच तं हाये, दादा.” तेव्हापासून मी माझ्या तोंडून तो शब्द त्या अर्थानं काढत नाही. अर्जातही ‘कीटकनाशक’ लिहितो, समोरचा ‘औषध लिव’ म्हणाला तरी. इथं मी लोकांच्या शब्दाच्या बाजूचा नाही.

दुसरा अर्ज

दोन दिवसांनी मीच काकाजींच्या घरी गेलो. ते अंगणात डवऱ्याची पास काढत बसले होते. मी म्हटलं, पुन्हा लिहू या. ते म्हणाले, “भरपाई भेटन काय?” मी खरं सांगितलं. बियाण्याची तक्रार करायला बिल लागतं, पाकिटावरचं लेबल लागतं, लॉट नंबर लागतो. ते असेल तर तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात येऊन पाहते, पाकिटावर छापलेल्या उगवणीशी ताडून पाहते आणि कंपनीकडे दाद मागता येते. पांढऱ्या थैलीला यातलं काहीच नाही. पैसे मिळणार नाहीत.

“मंग कायले लिवायचं?”

“थैली देणारा पुढच्या मे मध्ये पुन्हा येईल म्हणून.”

त्यांनी विळा बाजूला ठेवला. आम्ही तो अर्ज ओट्यावर बसून तोंडी तयार केला. दर वाक्य मी म्हणायचो, ते ऐकायचे आणि हं किंवा ऊंहू करायचे. ‘अवैध’ शब्दाला त्यांनी नकार दिला. ‘अनधिकृत’लाही दिला. “जे झालं ते लिव नं. नाव कायले ठेवतं?” शेवटी मजकूर असा झाला: ‘मे महिन्यात आमच्या गावात मोटरसायकलवरून आलेल्या अनोळखी इसमाकडून मी कापसाचे बियाणे रोख पैसे देऊन घेतले. थैलीवर कंपनीचे नाव, लॉट नंबर, तारीख काहीही छापलेले नव्हते. बिल दिले नाही. सदर बियाणे अडीच एकरात टोबले, ते उगवले नाही. थैली व उरलेले दाणे सोबत जोडले आहेत. विकणाऱ्याची चौकशी व्हावी.’

त्यात एकही नाव ठेवणारा शब्द नव्हता, म्हणून त्यावर हसायला कोणाला जागा नव्हती. या वेळी मी सोबत गेलो. टेबल तेच होतं. माणसानं अर्ज वाचला, थैली उजेडात धरून पाहिली, दाणे कागदात बांधून घेतले आणि पोच दिली. थोड्या वेळानं त्यानं स्वतःहून विचारलं, “ही चोर बीटी का?” काकाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याला सांगितलं, “चोर म्हनून देल्ली, साहेब. बोगस निंगाली.” तो माणूस मान हलवत म्हणाला, “हो, यंदा तशाच तक्रारी येऊन राहिल्या.” तोही कुठल्या तरी खेड्यातलाच असणार. तोंडी बोलणं सुरू झालं तेव्हा त्याला दोन्ही शब्द नीट कळत होते.

काकाजींनी दुकानातून बिल घेऊन दुसरं बियाणं आणलं आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा टोबलं. उशिरामुळे एक वेचा कमीच झाला. सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्याची वावरातली पूजा, त्यांच्याकडे दसऱ्याच्या सुमाराला होतं, त्या वर्षी दिवाळी उलटून गेली. थैलीवाला सापडला नाही. पण पुढच्या मे महिन्यात तो आमच्या गावाला आलाही नाही, किंवा आला असेल तर कोणी सांगितलं नाही.

त्या जूनमध्ये काकाजी पुन्हा पायरीवर. आता हातात बंद पाकीट, सोबत बिल. म्हणाले, “याचा फोटो काढून ठेव तुह्या फोनात. पाकीट उंदरानं खाल्लं तं?” मी फोटो काढला. पाकिटाच्या मागच्या बाजूला बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हाच नं तो लाट नंबर?”

मी म्हटलं, हो, लॉट नंबर.

“लाट नंबर,” त्यांनी पुन्हा त्यांच्या पद्धतीनं म्हटलं आणि बिल घडी करून बंडीच्या चोरखिशात ठेवलं.

गेल्या महिन्यात पानठेल्यावर दोन पोरं जुन्या मोटरसायकलचा सौदा करत होती. विकणारा गाडीची तारीफ करत होता, एकहाती चालवली, एव्हरेज अमुक, इंजिनाला पाना लागला नाही. घेणाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, “ते ठीक हाये बे, पन लाट नंबर हाये न?”

विकणारा काही न समजल्यासारखा थांबला नाही. लगेच म्हणाला, “हाये ना, आरसी बुक पाह्य.”

घरी येऊन मी वहीत लिहिलं: लाट नंबर. डावीकडे अर्थ लिहिला, उजवीकडचा रकाना अजून रिकामा आहे.